मुंबई वसविणारा जेराल्ड ऑंजियर

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या आमच्या भागात असे गाव सापडणे कठीण की, जेथील कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी मुंबईस गेले नाही. कोणी गिरणीत राबले, कोणी गोदीत, कोणी खानावळ चालवून गावाकडे मनिऑर्डर धाडली. मुंबईस माणसे बोलवावी लागतात असे आमच्या पिढीस सांगितले तर हसू येईल. तेथे जागा नाही हीच काय ती तक्रार आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु एक काळ असा होता की, मुंबईस राहावयास यावे म्हणून तेथील गव्हर्नरास परमुलखातील व्यापाऱ्यांस वचने द्यावी लागत, वखारीवाल्यांमार्फत व दलालांमार्फत बोलणी लावावी लागत, आणि करारमदार लिहून द्यावे लागत. शिवाय हे सर्व चालले ते शांततेच्या काळात नव्हे. समुद्रावर डच आरमार, किनाऱ्यावर सिद्दी, उत्तरेस मोगल, सभोवती पोर्तुगीज आणि घाटावर शिवाजी महाराजांचे नवे स्वराज्य, अशा धामधुमीत एका परक्या मनुष्याने हा उद्योग आरंभिला. त्याचे नाव जेराल्ड ऑंजियर.

मुंबई इंग्रजांकडे आली कशी, ही हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. इ. स. १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा पोर्तुगालच्या राजकन्येशी, कॅथरिनशी, विवाह ठरला व तिच्या आंदणात मुंबईचे बेट देण्याचा करार झाला. बेट ताब्यात घेण्यासाठी सर अब्राहम शिपमन सुमारे ५०० शिपाई घेऊन आला. परंतु येथील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ते देण्याचे नाकारले. त्या बिचाऱ्या फौजेस कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तळ ठोकून बसावे लागले. तेथील रोगट हवेत व उपासमारीत शिपमन स्वतः व त्याचे बहुतेक लोक मेले. १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्री कुक याने मुंबई ताब्यात घेतली तेव्हा त्या पथकातील शंभराच्या आसपास माणसे काय ती उरली होती. म्हणजे मुंबईच्या इंग्रजी अमलाचा पहिला अध्याय आमच्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आणि तोही स्मशानात लिहिला गेला. राजास हे बेट लवकरच ओझे वाटू लागले, आणि १६६८ साली त्याने ते वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकले.

ऑंजियर हा आयर्लंडमधील एका उमराव घराण्यातला. थोरल्या भावाकडे घराण्याची सरदारकी आणि धाकट्याने समुद्रापलीकडे नशीब काढावे, ही त्या काळच्या विलायतेतील रीतच होती. १६६२ साली तो सुरतेच्या वखारीत कंपनीच्या चाकरीत आला. सुरत हे तेव्हा मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली; इंग्रजांनी आपली वखार तेवढी राखली, पण बाकीचे शहर कसे उघडे पडले हे वखारीतील सर्वांनी पाहिले. सुरतेचा प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ च्या जुलैत वारला व त्याच्या जागी ऑंजियर आला. सुरतेचा प्रेसिडेंट तोच मुंबईचा गव्हर्नर, अशी तेव्हाची व्यवस्था होती.

अधिकार हाती येऊन दोन महिने झाले नाहीत तोच एक मोठा प्रसंग उभा राहिला. औरंगजेबाच्या धोरणाचे वारे सुरतेस पोचले होते. तेथील काजीने हिंदू वाण्यांवर धर्मांतरासाठी जुलूम चालविला. तेव्हा वाणी समाजाचे पुढारी ऑंजियरकडे गेले व मुंबईस आसरा मिळेल काय, असे त्यांनी विचारले. ज्या मनुष्यास पुढे आयुष्यभर मुंबईस माणसे हवी होती, त्याच्या दारी हजारो कसबी व्यापारी आपण होऊन आले होते. ऑंजियरने त्यांना काय उत्तर दिले? मुंबईस येऊ नका, असाच सल्ला त्याने दिला. एवढे लोक इंग्रजांच्या बेटावर गेले तर मोगल बादशहा चिडेल आणि कंपनीचा सुरतेतील व्यापार बुडेल, ही त्याची भीती. अखेर १६६९ च्या सप्टेंबरात सुमारे ८००० वाणी सुरत सोडून भडोचेस निघून गेले; शहरातील देवघेव थंडावली, आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर ते वर्षअखेर परतले. हा प्रसंग चरित्रकार बहुधा ओझरता सांगतात. आम्हांस मात्र तो महत्त्वाचा वाटतो. आपला धर्म, आपली रीत सुखाने पाळता येईल एवढी हमी मिळाली तर व्यापारी घरदार सोडून येतात, आणि ती हमी गेली तर बंदर ओस पडते, हा धडा ऑंजियरने त्या वर्षी डोळ्यांनी पाहिला. त्याच्या पुढील सर्व धोरणाचे मूळ येथे असावे, असा आमचा तर्क आहे.

१६७० च्या ऑक्टोबरात सुरतेवर मराठ्यांची दुसरी स्वारी झाली आणि सुरत सुरक्षित नाही ही गोष्ट पक्की ठरली. ऑंजियरची नजर मुंबईकडे वळली. १६७२ साली तो तेथे मुक्कामास आला व पुढे सुमारे तीन वर्षे तेथेच राहिला.

त्या वेळची मुंबई कशी होती? सात बेटे, मधून भरतीचे पाणी, दलदल, नारळीच्या बागा, भातखाचरे आणि कोळीवाडे. नारळीच्या मुळाशी मासळीचे खत घालीत, त्याची दुर्गंधी सर्वत्र पसरे. तापाने व हगवणीने लोक पटापट मरत. विलायतेहून आलेल्या मनुष्याचे आयुष्य तेथे दोन पावसाळ्यांपुरते, असे तेव्हा बोलले जाई. कंपनीने विलायतेहून शिपाई आणि काही स्त्रियाही पाठवून गोऱ्यांची वसाहत करून पाहिली; ती कबरस्थानात गेली. तेव्हा शहानपण एवढेच होते की, ज्यांना ही हवा मानवते अशा येथल्याच लोकांस बोलवावे.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. ऑंजियरने मुंबई वसविली असे म्हणताना आम्ही तो शब्द जपून वापरतो. कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभू हे लोक त्याच्या शेकडो वर्षे आधी तेथे नांदत होते, आणि मुंबादेवीचे नाव त्या बेटास कोणा गव्हर्नराने दिलेले नाही. त्याने वसविले ते बंदर आणि पेठ.

नव्या माणसांस बोलावण्यापूर्वी जुन्यांचा विश्वास मिळविणे भाग होते. जमिनीच्या मालकीचे तंटे पोर्तुगीज अमलापासून लोंबकळत पडले होते. कोणत्या बागेचा धनी कोण आणि सरकारचा हक्क किती, याचा मेळ नव्हता. ऑंजियरने बेटावरील खातेदारांस एकत्र बोलावले आणि १६७२ साली त्यांच्याशी करार केला : सर्वांनी मिळून कंपनीस दरसाल २०,००० अश्रफ्या द्याव्यात आणि त्याबदली ज्याची जमीन त्याच्याकडे निर्वेध राहावी. १६७४ साली हा करार जाहीरपणे कायम झाला. त्याच १६७२ च्या ऑगस्टात पोर्तुगीज कायदा बंद होऊन इंग्रजी न्यायालय सुरू झाले व जॉर्ज विलकॉक्स हा त्याचा न्यायाधीश झाला. लहानसहान भांडणे सोडविण्यास प्रत्येक समाजाच्या पंचायतीस अधिकार दिला. टांकसाळही काढली, तिच्यातून चांदीचे, तांब्याचे व कथलाचे नाणे पडू लागले. आपले पंच आपला निवाडा करतील, आणि नाणे येथल्या येथे मिळेल, या दोन गोष्टी व्यापारी मनुष्यास किती मोलाच्या वाटतात हे निपाणीच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

हे सर्व होत असतानाच विलायतेत इंग्लंड व हॉलंड यांचे तिसरे युद्ध पेटले. डचांचा सेनानी रिक्लोफ व्हान गोएन्स हा मोठा कर्तबगार पुरुष. सिंहल आणि मलबार किनाऱ्यावरून पोर्तुगीजांस त्यानेच उखडून काढले होते. १६७३ च्या फेब्रुवारीत त्याचे आरमार मुंबईपुढे उभे राहिले. मुंबईचा किल्ला अर्धवट, पगारी शिपाई मोजके. ऑंजियरने तोफा चढविल्या, जमीनदारांची शिबंदी उभी केली. ब्राह्मण व वाणी यांस मात्र चाकरीऐवजी पैसे देण्याची सवलत होती. भंडारी जातीचे सुमारे ३०० जवान हाती सोटे व मिळतील ती हत्यारे घेऊन आले. ऑंजियर स्वतः शांतपणे सर्वत्र फिरत होता. बेट बेसावध सापडेल ही डचांची अटकळ चुकली. काही दिवस घुटमळून ते आरमार सुरतेच्या बाजूस निघून गेले, आणि १६७४ च्या फेब्रुवारीत युद्धच संपले. लढाई अशी झालीच नाही, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगास दोन ओळीही मिळत नाहीत. परंतु त्या दिवशी मुंबई पडली असती, तर पुढे कोणता व्यापारी तेथे येऊन घर बांधता?

याहून अवघड होते ते शेजाऱ्यांशी वागणे. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारी सरदार. त्यास पावसाळ्यात आपली जहाजे मुंबईच्या खाडीत आणून ठेवावयाची असत. परवानगी द्यावी तर महाराज रागावतात, न द्यावी तर सुरतेस मोगल सुभेदार वखारीवर टाच आणतो. मुंबईचे धान्य व लाकूड समोरच्या किनाऱ्यावरून येई, आणि तो मुलूख महाराजांच्या सत्तेत किंवा छायेत. म्हणून ऑंजियरने कोणाही एकाच्या बाजूस न झुकता वेळ मारून नेण्याचे धोरण धरिले. महाराजांकडे त्याने एकामागून एक वकील पाठविले. १६७२ मध्ये उस्टिक गेला, १६७३ मध्ये निकल्स गेला. महाराजांचे वकील भीमाजीपंत मुंबईस येत. बोलणी मुख्यतः १६६१ साली राजापूरच्या वखारीच्या झालेल्या नुकसानीची.

या बोलण्यांत आमच्या मुलखाचाही संबंध येतो. १६७३ मध्ये विजापूरकरांशी चाललेल्या झुंजीत मराठी फौजेने हुबळीची पेठ लुटली व तीत इंग्रजांच्या वखारीचाही माल गेला. ती जबाबदारी महाराजांनी स्वीकारली नाही. त्याच झुंजीत १६७४ च्या फेब्रुवारीत सेनापती प्रतापराव गुजर गडहिंग्लजजवळ नेसरीस पडले. ती खिंड निपाणीहून व बेळगावहून फार दूर नाही. ज्या महिन्यात नेसरीस हा रणसंग्राम झाला त्याच महिन्यात तिकडे युरोपात इंग्रज-डचांचा तह होत होता, हे लक्षात आले की त्या काळाची धामधूम नीट कळते.

त्याच वर्षी ज्येष्ठ महिन्यात रायगडावर राज्याभिषेक झाला. ऑंजियरने आपला प्रतिनिधी म्हणून हेन्री ऑक्झेंडन यास पाठविले; दुभाषी नारायण शेणवी बरोबर होता. ऑक्झेंडनने दरबारात हिऱ्याची अंगठी नजर केली, आणि निराजीपंतांच्या मध्यस्थीने १२ जून १६७४ रोजी तह ठरला. राजापूरच्या नुकसानीबद्दल १०,००० होन देण्याचे कबूल झाले व स्वराज्यात व्यापार करण्याची मोकळीक मिळाली. राज्याभिषेकाचे जे वर्णन आज आपण वाचतो त्याचा काही भाग ऑक्झेंडनच्या रोजनिशीतून आलेला आहे. गव्हर्नराचा वकील आपल्या व्यापाराच्या कामासाठी गेला आणि महाराष्ट्राच्या इतिहासास साधन देऊन परतला!

आता माणसे कशी आली ते पाहू. कंपनीच्या ठिकठिकाणच्या वखारी हेच ऑंजियरचे हस्तक. वखारीतील कारभारी व त्यांचे दलाल यांचा व्यापाऱ्यांशी रोजचा व्यवहार असे, आणि मुंबईत कोणती सवलत मिळेल, जमीन कोठे मिळेल, ही वार्ता त्यांच्याच तोंडून पसरे. चौल व आसपासच्या भागांतील विणकर आले. पोर्तुगीजांच्या मुलखात हिंदूंस आपले विधी उघडपणे करता येत नसत, त्या त्रासाचा येथे ऑंजियरला फायदाच झाला. आर्मेनियन आले. पारशी आले, आणि याच सुमारास मोदी हिरजी वाच्छा यांनी मलबार टेकडीवर पहिला दखमा बांधला. आपल्या मृतांची व्यवस्था आपल्या रीतीने करण्याची जागा मिळाली की तो समाज खरा स्थायिक झाला, असे आम्ही समजतो. सुरतेचे भीमजी पारेख यांच्या आग्रहावरून कंपनीने १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रकही पाठविला. देशी लिपीचे खिळे ओतणे त्यास साधले नाही, अन्यथा मुंबईच्या छापखान्याचा इतिहास शंभर वर्षे आधी सुरू होता.

सर्वांत बोलका कागद म्हणजे दीवच्या नीमा पारेख या वाणी व्यापाऱ्याचा १६७७ चा अर्ज. येण्यापूर्वी त्याने आपल्या अटी कलमवार लिहून मागितल्या. घर व वखार बांधण्यास बिनभाड्याची जमीन मिळावी. धर्माचरण, लग्नकार्य व मृतांचे दहन आपल्या रीतीने करता यावे. आवारात कोणी जीवहत्या करू नये. कोणासही जबरीने ख्रिस्ती करू नये वा ओझे वाहावयास लावू नये. पहाऱ्याच्या चाकरीतून सूट असावी. सरकारने जबरीने कर्ज मागू नये. दावा झाल्यास आधी सूचना दिल्यावाचून पकडून अब्रू घेऊ नये. गव्हर्नराच्या भेटीस गेल्यास मानाने बसावयास मिळावे. घोडा, पालखी, छत्री वापरण्यास कोणी अडवू नये. आणखी दोन कलमे आमच्या विशेष लक्षात राहिली. युद्धाचा किंवा अन्य संकटाचा प्रसंग आल्यास माल, द्रव्य व कुटुंब ठेवण्यासाठी किल्ल्यात एक कोठार मिळावे, हे एक. आणि घरखर्चासाठी दहा मण तंबाखू बिनजकात आणता यावी, हे दुसरे. तंबाखूच्या पेठेत वाढलेल्या आम्हां निपाणीकरांस त्या दूरच्या व्यापाऱ्याविषयी एकदम आपलेपणा वाटला, हे कबूल केले पाहिजे. विनोद बाजूस ठेवू. या अर्जाचे प्रत्येक कलम एकेका अनुभवातून आलेले आहे. जेथे जबरीने धर्मांतर होते, जेथे अधिकारी व्यापाऱ्याकडून कर्ज उकळतो, जेथे शत्रू आला की शहर उघडे पडते, अशा सर्व ठिकाणांची ओळख त्या मनुष्यास होती. मुंबईस जाणे म्हणजे त्याच्या दृष्टीने जीव व अब्रू पणास लावणे होते, आणि म्हणून त्याने तोंडी शब्दावर भिस्त ठेविली नाही. कंपनीने त्याच्या अटी मान्य केल्या.

विलायतेतील संचालकांस मात्र हा सर्व खर्च डोळ्यांत खुपत असे. तटबंदीस पैसा, शिपायांस पैसा, आणि नफा कोठे आहे, हा त्यांचा नित्याचा प्रश्न. काटकसरीच्या हुकमांनी शिपायांत असंतोष पसरला व १६७४ मध्ये बंड झाले. ऑंजियरने ते मोडले व एका बंडखोरास गोळी घालण्यात आली. तो दयाळू संत नव्हता. तो कंपनीचा चाकर होता आणि कंपनीच्या थैलीची चिंता त्यास अखेरपर्यंत होती. धर्मस्वातंत्र्य त्याने दिले तेही पेठ भरावी म्हणून. तरीपण हेतू व्यापारी असला म्हणून वचन खोटे ठरत नाही, आणि त्याने दिलेली वचने पाळली गेली, म्हणूनच माणसे आली व राहिली.

ती किती आली? इंग्रजांनी बेट घेतले तेव्हा वस्ती सुमारे १०,००० होती असे मानतात. ऑंजियरच्या अमदानीत तेथे राहिलेला डॉक्टर फ्रायर ती ६०,००० सांगतो. अंदाजच तो; बेतानेच घ्यावा. या वस्तीत पळून आलेले व भटके लोकच फार, असा नाक मुरडणारा शेराही फ्रायरने मारला आहे. आम्हांस त्यात नवल वाटत नाही. घरी सर्व ठीक असता दलदलीच्या बेटावर कोण जातो?

१६७५ साली ऑंजियर सुरतेस परतला. प्रकृती ढासळली होती. ३० जून १६७७ रोजी तो तेथेच मरण पावला. ज्या बेटासाठी त्याने झीज सोसली तेथे त्याचा देह विसावला नाही. नीमा पारेखाचा अर्ज त्याच्या अखेरच्या महिन्यांतला. त्याच्यामागून आलेल्यांच्या हाती कारभार ढिला झाला. १६८३ मध्ये कीग्विनचे बंड झाले, १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान बेटावर उतरला, साथी आल्या, आणि वस्ती पुन्हा रोडावली. तथापि १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले, हे ऑंजियरच्याच मनातले काम होते.

त्याने आरंभिलेले आणखी एक काम फार रेंगाळले. मुंबईत एक प्रार्थनामंदिर बांधावे म्हणून त्याने वर्गणी सुरू केली होती. ते सेंट टॉमसचे मंदिर १७१८ साली नाताळच्या दिवशी उघडले, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी. कोटाच्या ज्या दाराने त्या मंदिराकडे जावयाचे त्यास चर्चगेट म्हणू लागले. १८६० नंतरच्या दशकात कोट पाडला, त्याबरोबर ते दारही गेले. नाव तेवढे आगगाडीच्या स्थानकास राहिले आहे, आणि आमच्या भागातून मुंबईस गेलेली मंडळी रोज सकाळी त्या नावाची पाटी वाचून गाडीतून उतरतात.